पिवळी रेघ

नट ठरावीक जोराने आवळायचे टॉर्कचे पाने बरोबर माप दाखवतात की नाही, हे तपासणं माझं रोजचं काम. प्रयोगशाळेत मी प्रत्येक पान्यावर मोजून बळ लावते आणि जोर पुरा झाल्याचा त्याचा 'कट्' आवाज नेमका कुठे होतो ते पाहते. त्यामुळे धाकटीच्या गाडीला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, हे घरात न बोलताच ठरलेलं होतं. धाकटी म्हणजे माझी बहीण. वरच्या पठारावर हवामानाची यंत्रं आहेत, त्यांची देखभाल ती करते. तिथे जायला रस्ता असा नाहीच, नुसते दगड. घरात आम्ही दोघीच. ती परतेपर्यंत माझं कशात लक्ष लागत नाही.

चाकांच्या नटांना एकशे वीस न्यूटन-मीटर, समोरासमोरचे आळीपाळीने. सस्पेन्शनच्या बोल्टना दीडशे, तेही गाडी जॅकवरून उतरवून, वजन चाकांवर आल्यावर. नाहीतर आतलं रबर पिळलेलंच राहतं. नट आवळून झाला की नटावरून बोल्टवर पिवळ्या रंगाची एक रेघ ओढायची. पुढे नट जरा जरी फिरला तरी रेघ मोडलेली दिसते. माझ्या रेघेला शेवटी गळासारखा वळलेला बारीकसा आकडा येतो. हाताची सवय.

ती निघायच्या आदल्या दुपारी गाडीच्या शेडमध्ये ऊन साचून राहिलं होतं. धूळ पाण्यात तरंगावी तशी तरंगत होती. पुढची चाकं आटोपून मी मागे वळले, तर मागच्या नटांवर रेघा होत्या. आकड्यासकट. रंग अजून ओला होता.

मी एक नट सोडवला आणि पुन्हा आवळला. कट् झालं तेव्हा तो आधी होता तिथेच येऊन थांबला होता. रेघ जुळली.

"या तू ओढल्यास?"

धाकटी पायरीवर बसून बूट पुसत होती. "मी ओढल्या असत्या तर सरळ आल्या असत्या," ती म्हणाली. "केल्यास आणि विसरलीस, ताई. वय झालं तुझं."

तसं असू शकतं, असं मी स्वतःला सांगितलं.

संध्याकाळी साखरेच्या बरणीवर एक रेघ दिसली, झाकणावरून काचेवर उतरलेली. मग खिडकीच्या बिजागरीवर. नळाच्या मुठीवर.

"आता चहा बिनसाखरेचा प्यायचा का? रेघ मोडेल ना." धाकटीने झाकण फिरवलं. "माझ्या मानेवरही एक ओढून ठेव. डोकं जागेवर आहे का ते तरी कळेल."

मी हसले. पण ओढता आली असती तर ओढली असती.

सकाळी धुकं होतं. तिने सीटबेल्ट लावला. दार मी बाहेरून ढकललं, लागल्यावरही थोडा वेळ तसंच दाबून धरलं. काही सैल पडू नये. आत जे आहे ते असंच राहावं.

"बास, अजून किती आवळशील," ती काचेआडून म्हणाली.

ठरल्या दिवशी, ऊन उतरताना गाडीचा आवाज आला. मी मागच्या अंगणात दोरीवरचे कपडे काढत होते. घरात आले तर ती स्वयंपाकघरात, केसांवर धूळ, शेगडीपाशी उभी.

"पोचले बाई एकदाची. चहा टाकलाय."

तिचा हात गार होता. नुकताच धुतला असेल.

पहिल्या फेरीनंतर नट पुन्हा तपासावे लागतात. मी दिवा घेऊन गाडीखाली सरकले. एकही रेघ मोडली नव्हती. इतकं बरं वाटलं, की थोडा वेळ तशीच पडून राहिले.

मग उठले, आणि चालकाच्या दाराशी थांबले.

दारावरून चौकटीवर पिवळी रेघ गेली होती. शेवटी आकडा. मी नखाने खरवडून पाहिलं. वाळून कडक झालेली. फटीवर रंगाचा पातळ पापुद्रा ताणून बसलेला, अखंड.

पलीकडचं दार पाहिलं. तिथेही होती.

मागच्या दारांवरही.

काचा वर होत्या. किल्ली आत, जागेवर.

रिकाम्या सीटवर बेल्ट लावलेला होता. तो सीटला टेकलेला नव्हता, कुणाच्या अंगावरून गेल्यासारखा पुढे ताणलेला होता.

मी दाराच्या मुठीवर हात ठेवला. ओढलं असतं तर रेघ मोडली असती.

"ताई, चहा निवतोय," घरातून धाकटीचा आवाज आला.

मी हात काढून घेतला.

ते काम तिने नंतर सोडलं. आता ती घरीच असते, वेळेवर जेवते, पूर्वीपेक्षा कमी बोलते. गाडी का विकत नाहीस, असं शेजारी विचारतात तेव्हा मी काहीतरी सांगून वेळ मारून नेते. तिने मात्र कधी विचारलं नाही.

रोज कामावर जाण्याआधी मी शेडमध्ये डोकावते. रेघ जशीच्या तशी आहे. चालकाच्या बाजूच्या काचेवर, चेहऱ्याच्या उंचीला, तेवढी वाफ धरलेली असते. मी फडक्याने पुसून पाहते. बाहेरून ती जात नाही.