नकोबाचं माप

"एक बर्गर. पॅटी तळलेली नको, भाजलेली. चीज नको. मेयो नको. सॉस बाजूला द्या... किंवा नकोच. फ्राइज नको. कोला नको, पाणी."

काउंटरवरच्या मुलीने मान वर केली. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि समोर एक सडपातळ तरुण उभा होता. इतका सरळ, की कुणीतरी हँगरला अडकवून विसरून गेल्यासारखा.

"बर्गर तरी हवाय ना नक्की?"

तो गंभीरपणे विचारात पडला. "हो... तो हवाय."

तव्यावरच्या मावशीने त्याच दुपारी त्याचं बारसं केलं – नकोबा.

नकोबा रोज सव्वा वाजता येऊ लागला. खिडकीपाशी बसायचा, वरचा पाव उचलून बाजूला ठेवायचा आणि उरलेलं असं खायचा, की जणू कुणीतरी त्याच्याकडून सही करून घेतंय. चेहऱ्यावर काही म्हणजे काही हलायचं नाही. काउंटरवरची ती मुलगी पडली मूळची चौकस. लहानपणी घड्याळ कसं चालतं ते बघायला तिने घरातलं घड्याळ उघडलं होतं. ते अजून चालत नाही. हा माणूस हसतो कसा, हे बघायलाच हवं होतं.

म्हणून एका मंगळवारी तिने लेट्यूसच्या पानाखाली चीजचा एक तुकडा लपवला.

दुसऱ्या घासाला तो थांबला. खिडकीबाहेर पाहिलं. आणि... ओठाचा डावा कोपरा वर गेला. अगदी जेमतेम. पण त्या नादात तिने एका गृहस्थांना कॉफीऐवजी नुसतंच झाकण दिलं.

बुधवारीही चीज गेलं. उजवा कोपरा कधी हलतो, या कुतूहलापोटी पुढे दोन-दोन तुकडे जाऊ लागले.

"पोटातून मनापर्यंत रस्ता जातो म्हणतात," मावशी उलथनं हलवत म्हणाली, "पण तू तर हमरस्ताच बांधायला काढलास गं!"

दोन महिन्यांनी दुकानात नवे शर्ट आले. सगळ्यांना एकसारखे. तिला मिडियम नेहमी बेतून शिवल्यासारखा बसायचा. या खेपेला कमरेत ढगळ. नकोबाने काउंटरशी येऊन पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला.

"खांद्यात ठीक, कमरेत ढगळ?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"तो... मी आहे."

"कोण?"

"शर्ट. रस्त्याच्या पार टोकाच्या कपड्यांच्या कारखान्यात मी मिडियम आहे. नवा कपडा आधी माझ्या अंगावर बेततात. मी जेवढा, तेवढा मिडियम." त्याने कमरेवरून हात फिरवला. "कमर इंचभर वाढलीय. मास्टर म्हणाले, महिन्यात उतरली नाही तर दुसरा मिडियम आणतो. आणि मी तर सगळ्यालाच नको म्हणतो! कुठून वाढतंय, कळत नाही."

अर्ध्या शहराचे शर्ट तिने एका हाताने ढगळ करून ठेवले होते.

चीज बंद झालं. दुसऱ्या दिवशी पावही गेला. नुसती पॅटी पानात गुंडाळून. नकोबा निमूट खायचा. ओठ जागचे हलत नव्हते. चौथ्या दिवशी तिला राहवेना. ट्रे घेऊन ती थेट टेबलाशी गेली.

"चीज मी घालत होते."

"माहीत आहे."

"...काय?"

"पहिल्या दिवसापासून. चीज काय लपून राहतं?"

"मग खाल्लंत कशाला? नोकरी जाईल ना!"

तो पाण्याच्या ग्लासशी बोलावं तसा म्हणाला, "तुम्ही घातलेलं होतं. त्याला नको म्हणायला... जमेना."

तव्यावर एक पॅटी करपली. मावशीने करपू दिली.

"आणि 'कळत नाही' ते?"

"तुम्ही सांगता का, बघत होतो."

"चौकसच आहात!" मग ती जरा थांबली. "कारखान्यात कॅन्टीन नाही का हो? रोज ऊन तुडवत इथे येता ते..."

"आहे ना. उकडलेल्या भाज्या मिळतात. छान असतात म्हणे."

तिने आत जाऊन सुरी आणली. "चीज राहील. तेही एकच. फ्राइज नाहीत, कोला नाही. आणि अर्धा बर्गर माझा."

मग रोज सव्वा वाजता एक बर्गर, दोघांत. खाऊन झालं, की ती त्याला कारखान्यापर्यंत पोचवायला जायची. मग तो तिला दुकानापर्यंत. मग, तो एकटा कसा जाईल म्हणून, ती पुन्हा त्याला. तो इंच बहुधा त्याच रस्त्यावर कुठेतरी पडला. महिनाअखेर मास्टरांची टेप जुन्या आकड्यावर येऊन थांबली.

पुढच्या खेपेचे शर्ट आले. मिडियम अगदी मापात. फक्त तिला घट्ट! घरचा डबा संपवून वर अर्धा बर्गर कुणी खाल्ला होता?

"लार्ज मागवू?" नकोबाने विचारलं.

"लार्ज कोण आहे?"

"आहेत एक. भला माणूस. दोन मुलं आहेत त्यांना."

"मग नको." तिने श्वास रोखून शेवटचं बटण लावलं. "मी मिडियममध्येच राहणार. तू जरा सरकून जागा कर."

नकोबा हसला. दोन्ही कोपऱ्यांनी.