सातवी रेघ

जळगावच्या कार्टून बनवणाऱ्या चित्रशाळेत रविवारी सकाळी नऊ जण एका चटईवर मांडी घालून बसले होते, आणि तेजलचा जीव थाऱ्यावर नव्हता. भोपळेरावांच्या कार्टून मालिकेचा तिने लिहिलेला भाग आज कसोटीला लागणार होता. सगळे हसले, तर तो थेट तीनशे गावांच्या आरोग्य शिबिरांत जाणार. तपासणीला घाबरणारी माणसं हसत हसत रांगेत उभी राहणार! पण एखाद्या विनोदावर एक जण जरी गप्प राहिला, तर तो विनोद कापायचा, हा इथला जुना रिवाज.

पूर्वी त्यासाठी चेहरे बघावे लागत. आता चटईच हास्यमापक झाली होती.

"ओठ दाबता येतात, श्वासपटल नाही," चटई बनवणाऱ्या डॉ. फरीदा तांबोळी म्हणाल्या. "हसू आलं की ते उसळतंच. तो धक्का चटईत उतरतो." पडद्याशेजारी नऊ हिरव्या रेघा थरथरत होत्या, प्रत्येकाची एक.

"पण आजारपणावर हसू येतंच कसं, डॉक्टर?" तेजलने विचारलं.

"शरीर आधी घाबरतं, श्वास अडवतं. मग त्याला पटतं, धोका खोटा आहे. अडलेला श्वास सुटतो, तेच हसू. कार्टून मरत नाही हे पोटालासुद्धा ठाऊक असतं."

"म्हणजे भोपळेराव अमर," सातव्या जागेवरून नाना म्हणाले. "आवाज देणाऱ्याचं तेवढं बघा!"

सगळे खिदळले. नाना तेजलचे वडील. ढेरपोट्या भोपळेरावांना चाळीस वर्षं त्यांचाच आवाज होता, आणि 'स्वतःच्या विनोदावर हसला तो बाद' हा नियमही त्यांचाच. चेहरा कायम कोऱ्या पाटीसारखा.

भाग सुरू झाला. भोपळेराव वजनकाट्यावर चढले, काटाच कण्हला. नऊच्या नऊ रेघा उसळल्या, नानांचीसुद्धा! तेजलने त्यांना कोपरखळी मारली. "पकडलं की नाही, नाना?"

"गप. पुढे बघ."

पुढे भोपळेरावांची छाती तपासली गेली. अहवालाचं पाकीट न उघडताच त्यांनी ते तांदळाच्या डब्यात खुपसलं आणि शेवटच्या इच्छांची यादी केली. एक्केचाळीस इच्छा, त्यांतल्या एकोणचाळीस खाण्याच्या. शेवटी भोपळेबाई ओरडल्या, "अहो, भातात कागद शिजलाय!" सगळे पोट धरून हसले. आठ रेघा छताला भिडल्या.

सातवी सपाट होती.

"चटई बिघडली," तेजल म्हणाली.

"काट्याच्या विनोदावर चांगली चालली की," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "धोका खोटा वाटला तर हसू येतं. नानांना हा खोटा वाटत नाहीये."

तेजलला आठवलं. तिने लिहिलं होतं, पाकीट उशीखाली. नानांनीच फोन करून सांगितलं होतं, "उशीखाली लगेच सापडतं गं. तांदळाच्या डब्यात ठेव."

"नाना," ती त्यांच्याकडे वळली, "पाकीट कुठंय?"

"तू विनोद कापशील म्हणून बोललो नाही, तेजू. इतका छान जमलाय."

"चुलीत गेला विनोद! कुठंय?"

नानांनी जेवणाच्या पिशवीतून बंद पाकीट काढलं. घडीतून दोन तांदूळ चटईवर पडले. "चार महिने झाले. खोकला होता म्हणून छातीचा फोटो काढला. उघडायचा धीर झाला नाही. आज तुम्हाला भेटेन म्हणून आणलं, डॉक्टर, पण हातच पिशवीत जाईना."

डॉक्टरांनी पाकीट फाडलं, फोटो खिडकीच्या उजेडात धरला. सगळ्याच रेघा एकदम थिजल्या. नऊ जणांतलं कुणीच श्वास घेत नव्हतं.

"लहानपणी टीबी झाला होता?"

"सातवीत असताना. औषधं घेऊन बरा झालो."

"मग हा त्याचाच जुना वण. उद्या खात्रीसाठी तपासू, पण नवीन काही दिसत नाही. खोकला कधी थांबला?"

नाना ओशाळले. "पाकीट डब्यात ठेवलं, त्याच आठवड्यात."

मग भोपळेबाईंच्या आवाजात ते स्वतःच पुटपुटले, "अहो, चार महिने भातात कागद शिजतोय!"

सातवी रेघ अशी उडाली की पडद्याबाहेर गेली. कोरी पाटी फुटली, नाना गुडघ्यावर थापा मारत, डोळे पुसत हसत सुटले.

तेजलने त्यांच्या गळ्यात हात टाकले. ती रडत होती की हसत, हे तिच्या रेघेलाच माहीत.

"नाना," ती म्हणाली, "तुम्ही बाद!"