सही न देणारा इंजिनिअर

टक्... टक्... टक्.

यामिले पुलाच्या छपरावर कौलं बसवत होती. खाली कुणीतरी तिच्या बांबूंवर टकटक करत होतं, तेही एकेक बांबू धरून, कान लावून.

"दार वाजवताय का?" तिने वरूनच विचारलं. "आत कुणी राहत नाही!"

खालच्या माणसाने मान वर केली. केस धुक्याने भिजलेले, कानामागे पेन्सिल, आणि हसू असं की यामिलेच्या हातातलं कौल निसटता निसटता राहिलं.

"तेच तपासतोय," तो म्हणाला. "आत काही नसेल, तर सही कशी द्यायची?"

म्हणजे नगरपालिकेचा इंजिनिअर हा! पोट सुटलेले कुणीतरी गृहस्थ येतील, कॉफी पितील आणि सही ठोकून जातील, असं तिला वाटलं होतं. आला हा नॉर्बे.

किंदिओ प्रांताच्या या डोंगरात ग्वादुआ हा जाडजूड बांबू उदंड, आणि यामिलेच्या घरात तीन पिढ्या त्याचंच काम. पण स्वतःच्या आराखड्यावर तिने बांधलेला हा पहिलाच पूल. ओढ्यापलीकडच्या घरांची कॉफी खेचरांवर लादून इथूनच येणार होती. सही मिळाली तर खोऱ्यातल्या शाळेचं कामही तिलाच मिळणार होतं. नाही मिळाली, तर काँक्रीटवाले टपूनच बसले होते.

ती सरसर खाली उतरली. नॉर्बे एका सांध्यापाशी थांबला होता. "मिस्त्रीबाई, बोल्ट जातो ते पेर सिमेंटने भरायचं असतं ना?"

"मला शिकवताय?"

"नाही... पण हे पोकळ आहे."

"तुमच्या कानात काहीतरी गेलंय."

"मग तुमचा लावा."

तिने फणकाऱ्याने बांबूला कान लावला. पलीकडून त्याने वाजवलं. दोघांच्या चेहऱ्यांत वीतभर अंतर... आणि आवाज स्वच्छ, रिकामा. यामिलेचे कान तापले. सिमेंट भरताना पाऊस कोसळला होता, सगळे पळाले होते, आणि हे एक पेर राहून गेलं होतं.

"चूक माझी," ती ताठ मानेने म्हणाली. "आज भरते. पक्कं व्हायला नऊ दिवस लागतील."

"मग मी रोज येईन."

"सिमेंट सुकताना बघायला?"

"फार बघण्यासारखं असतं हो ते!"

आणि तो खरंच यायला लागला. ती त्याला गुळाचं गरम पाणी आणि मक्याची जाड भाकरी द्यायची, तो तिला छळणारे प्रश्न द्यायचा. बांबूवर पांढरे ठिपके आले की तो तयार झाला, हे तिने त्याला शिकवलं. त्याने लगेच कोवळा बांबू निवडून दाखवला. "हा तर अजून शाळेत जातो!" म्हणून ती पोट धरून हसली. तिला तो आवडला होता. उगाच खोटं कशाला बोला?

सातव्या दिवशी तो आला नाही. आठव्याही नाही. यामिलेने दोन दिवस सगळ्यांवर खेकसून काढले.

नवव्या सकाळी भार चढवायचा होता. साठ पोती कॉफी, बाबांच्या देखरेखीखाली. त्यांच्या घराण्याचा रिवाज असा, की भार चढताना ज्याने पूल बांधला त्याने पुलाखाली उभं राहायचं. यामिले जाऊन उभी राहिली. पाणी घोट्यापर्यंत होतं, पण पाय एकदम घट्ट.

तेवढ्यात शेजारी पाणी खळबळलं. नॉर्बे! बूट हातात, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली.

"इथे काय करताय? वर जा, मोजमाप घ्या!"

"मी सही देणार नाही, यामिले."

ती गर्रकन त्याच्याकडे वळली. "पेर भरलंय मी. स्वतः वाजवून बघा!"

"बघितलंय. पूल चोख आहे. पण... ज्याचा जीव कामात गुंतलाय त्याने तपासणी करायची नसते. परवा साहेबांना तसं लिहून दिलं. सगळं ऑफिस अजून हसतंय." तो पाण्याकडे बघत म्हणाला, "वर आमच्या ऑफिसातल्या ग्रासिएलाबाई मोजतायत. माझ्याहून कडक आहेत त्या."

"जीव गुंतलाय? पुलात?"

"पुलात कशाला गुंतेल?"

वर धप्पकन पोती पडत होती. बांबू एकदाच कुरकुरला. नॉर्बेने तिचा हात गच्च धरला.

"घाबरलात?"

"हो."

"माझ्या पुलाला?"

"तुमच्या उत्तराला."

शेवटचं पोतं पडलं. वरून ग्रासिएलाबाईंचा खणखणीत आवाज आला, "नऊ मिलिमीटर वाकलाय फक्त! चोवीस चालले असते. सही करतेय मी! मिस्त्रीबाई, वर या!"

"आले!" यामिले ओरडली, पण जागची हलली नाही. "इथलं एक काम तेवढं उरकते."

"कसलं काम?" नॉर्बेने भाबडेपणाने विचारलं.

"इंजिनिअरसाहेब, तुमचे प्रश्न संपतच नाहीत का हो?" असं म्हणून तिने त्याची कॉलर धरली, आणि साठ पोत्यांच्या खाली, भर सकाळी, त्याचं चुंबन घेतलं.

पुलाने हूं की चूं केलं नाही.