विचारणा केलेली नाही

रुग्णालयाच्या तळघरातील खोलीत अभियंताबाई सलग सहाव्या दिवशी त्याच संगणकापुढे बसल्या होत्या. श्वासयंत्रांवर नजर ठेवण्याचे काम त्याचे. तो आडवा पडल्यापासून वरच्या कक्षात परिचारिकांना पाळीपाळीने रुग्णांच्या उशाशी बसावे लागत होते.

दोष क्षुल्लक होता, म्हणूनच संताप अधिक. चिपवर कोरलेला मूळ कार्यक्रम, म्हणजे फर्मवेअर, वेळ सांगण्यासारख्या काही सेवा देत असे. त्या बिघडल्या म्हणून बंद केल्या होत्या. परंतु संगणकाचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, जुन्या सवयीने त्यांना हाक मारी आणि रिकाम्या पत्त्यावर जाऊन मान टाकी. आधीच्या कोणा शहाण्याने सेवांची यादी आहे एवढेच तपासले होते. यादीतील सेवा चालू आहे का, हे पाहण्याचे कष्ट घेतले नव्हते.

बाईंनी प्रत्येक हाकेआधी तपासणी घातली आणि चाचणीच्या श्वासयंत्राला रुग्णाच्या फुफ्फुसाऐवजी रबरी फुगा जोडला. फुगा संथपणे वरखाली होऊ लागला. पडद्यावर नोंद उमटली: ‘वेळसेवा बंद. विचारणा केलेली नाही.’

तिच्याखाली दुसरी: ‘उत्तर: चार बावन्न.’

भिंतीवरच्या घड्याळात चार चाळीस झाले होते. बाईंनी चरफडत फर्मवेअरची स्मृतीतील जागाच पुसून टाकली. उत्तर पुन्हा आले. चार बावन्नला फुगा फाटला.

“रबर जुनं होतं,” दारात ताटकळलेल्या सिस्टर म्हणाल्या. “ताई, पायांचे तुकडे पडलेत आमच्या. आता तरी संगणक द्या.”

“ती ओळ कुठून येते, ते कळल्याशिवाय...”

“ओळीनं कोणी मरत नाही हो. झोपेविना मात्र आम्ही मरू.”

नवा फुगा लावला. ओळ आली नाही. बाईंनी नाइलाजाने सही करून संगणक वर पाठवला.

पाच वाजून सहा मिनिटांनी वरून सिस्टरांचा फोन आला.

“ताई... पडद्यावर पलंग तीनच्या पुढे वेळ येतेय. पाच दहा.”

“रुग्णाला हाताच्या पंपावर घ्या. संगणक आधी बंद करा.”

“पंप सुरू केलाय. वायरही उपसलीय... माझ्याच हातात आहे.”

“आणि ओळ?”

पलीकडे पंप चालूच होता.

“अजून दिसतेय, ताई...”