कापलेल्या चित्राचा आवाज

विश्वास ठेवा असा माझा आग्रह नाही. पण त्या खोलीत आम्ही तिघी होतो आणि तिघींनीही ते ऐकलं.

फिलाडेल्फियात, जर्मनटाउनमध्ये, ओडेसामावशीच्या घरी. नोव्हेंबरमधला शनिवार, भर दुपार. पडदे ओढून मी भिंतीवर चादर लावली होती.

जुने सिनेमे दाखवणं हा माझा धंदा. पण त्या दिवशीचा सिनेमा मावशीचा स्वतःचा होता. दोन काळ्या बायका एकमेकींवर प्रेम करतात, असा सिनेमा त्या काळी कोण काढणार? मावशीने काढला. बस चालवून मिळालेला पगार त्यात ओतला. दोन-चार ठिकाणी दाखवला गेला, मग सगळे विसरले. त्यात तिची व्हर्लीन होती. पडद्यावर होती तशीच घरातही.

व्हर्लीन गेली तेव्हा तिचा भाऊ रूफस आला. चर्चमधला मानाचा माणूस. अंत्यविधीत त्याने मावशीला मागच्या बाकावर बसवलं आणि नंतर सिनेमाची एकुलती एक प्रत उचलून नेली. यंदा वसंतात तो वारला. त्याची मुलगी शार्मेन आता त्या प्रतीचा डबा परत घेऊन आली होती. सोबत घरी केलेला केक.

"पप्पांनी व्हर्लीनआत्या दिसते तेवढे तुकडे कापून जाळले," तिने आल्या आल्या सांगून टाकलं. "माफ करा, मिस ओडेसा."

मावशीला आता दिसत नाही. "चित्र मला काय करायचंय?" ती मला म्हणाली. "तिचा आवाज तेवढा ऐकव, पोरी. मरायच्या आत एकदा."

शार्मेन निघायच्या बेतात दाराजवळच्या खुर्चीवर टेकली. मी प्रोजेक्टर सुरू केला.

रिकामं स्वयंपाकघर. शेगडी. खिडकी...

"मीठ जास्त झालं का..."

टक्. कापलेल्या जागेचा जोड सरकला. पुन्हा रिकामी शेगडी.

मावशीने तोंडावर हात धरला. "तीच," ती म्हणाली. "मिठाला हात सैलच होता तिचा."

यात भुताटकी काहीच नव्हती. असल्या रिळात आवाज चित्राच्या जरा पुढे छापलेला असतो. रूफसने चित्र बघून कापलं. त्यामुळे प्रत्येक कापाआधी व्हर्लीनचा सेकंदभर आवाज राहून गेला होता. मला मनातून आनंद झाला. कात्रीला पुरून उरली बाई.

मग खोली गार पडली. हीटर तर चालू होता...

"दाराशी कोण बसलंय?"

टक्.

चादरीवर दार नव्हतंच. नुसती खिडकी होती.

मी शार्मेनकडे पाहिलं. हा सिनेमा काढला तेव्हा ती जन्मलीही नव्हती.

"रूफसची ना ती?"

टक्.

मी मशीन बंद करायला हात नेला. मावशीने माझं मनगट घट्ट धरलं...

"तिला विचार, मी कुठे आहे."

रीळ संपलं. चादर पांढरी झाली.

"विचारते," मावशी म्हणाली. तिने मान दाराकडे वळवली. "बोल बाई. कुठे आहे ती?"

शार्मेन रडायला लागली. तुकडे जाळलेच नव्हते. रूफसने ते आयुष्यभर कपाटात कुलूप लावून ठेवले होते आणि मरताना लेकीकडून वचन घेतलं होतं. "पप्पांच्या शवपेटीत आहेत," ती म्हणाली. "उशीखाली. मीच ठेवले."



"जिवंतपणी बहिणीला दारात उभं केलं नाही," मावशी म्हणाली. "आणि आता मातीत सोबत घेऊन झोपलाय."

थडगं उघडायला शार्मेन तयार नाही. मावशीने फोन केले, ती उचलत नाही.

परवा मी एकटीनेच ते रीळ पुन्हा लावलं. मीठ नाही, दार नाही. व्हर्लीनचा आवाज कुठेच नव्हता. प्रत्येक कापाआधी, त्याच सेकंदात, फक्त...

लाकडावर ठोकल्याचा आवाज. आतून.

तिचा की त्याचा, कळायला मार्ग नाही.

मावशीला मी हे सांगितलेलं नाही. सांगायची हिंमतही नाही. पण हल्ली ती खुर्चीच्या लाकडी हातावर बोटांनी वाजवत असते. तीन ठोके, लागोपाठ. रिळातही तसेच आहेत.

"कुणाला बोलावतेस?" मी काल विचारलं.

"बोलावत नाही गं," ती म्हणाली. "उत्तर देतेय."