खालाच्या गच्चीवर

"बाई, जरा पाय उचला. तुम्ही माझ्या पुराव्यावर उभ्या आहात."

हातेम माझ्याशी बोलला ते हे पहिलं वाक्य. ना सलाम, ना नावगाव. इजिप्तच्या किनाऱ्यावरच्या आमच्या दमियात गावचा हिवाळी पाऊस कोसळत होता, बदरान बंधूंचा फर्निचरचा कारखाना जळून कोळसा झाला होता, आणि अख्ख्या इमारतीत डोक्यावर छप्पर उरलेली जागा एकच होती... जिन्याची पहिली पायरी. खालाचे, म्हणजे माझ्या मावशीचे, गमबूट घालून मी तिथे उभी राहिले होते. आणि माझ्या पायाशी गुडघे टेकून एक माणूस ती पायरी हुंगत होता.

"मग काय पावसात उभी राहू?" मी विचारलं.

"राहा ना. पाऊस पुरावा नाही."

"मी विमा कंपनीकडून आलेय. ही पायरी जळाली त्याची भरपाई आम्ही द्यायचीय. तेव्हा पायरी थोडी आमचीही आहे."

त्याने मान वर केली. नाकाच्या शेंड्यावर काजळी, आणि डोळे असे की काजळीकडे लक्षच जाऊ नये. "बरं," तो म्हणाला, "अर्धी तुमची. डाव्या पायापुरती."

मी एका पायावर उभी राहिले. तोल जाऊ नये म्हणून मला त्याचा खांदा धरावा लागला. धरावा लागला म्हणजे... धरला.

तो मन्सूराहून आला होता, पोलिसांच्या प्रयोगशाळेतला इंजिनियर. आग कशी लागली हे राख चाळून सांगणं हा त्याचा धंदा. मी म्हटलं, "सुतारांच्या गावात सगळीकडे वार्निशचाच वास. त्यात तुम्हाला वेगळं काय कळणार?"

"वार्निश कपाटांना लावतात, जिन्याला नाही. या पायरीत रॉकेल मुरलंय." त्याने लाकडाचा काळा तुकडा बरणीत टाकून झाकण घट्ट लावलं. "आणि तुम्ही सकाळी फलाफल खाल्लीय. कांद्यासकट."

मी तोंड गच्च मिटलं.

"घाबरू नका," तो म्हणाला. "मीही खाल्लीय."

आता सांगा, यावर माणसाने प्रेमात पडू नये तर काय करावं?

त्यानंतर रोज आम्ही दोघं राख चाळायचो. तो पिठाच्या चाळणीने, मी उगाच त्याच्या शेजारी बसून. माझ्या कामाला राखेची गरज नव्हती, पण कंपनीला हे कोण सांगणार? त्याच्या चाळणीतून बिजागऱ्या निघत, खिळे निघत, कुलपं निघत. मधूनच तो कपाळाला आठी घालून म्हणायचा, "रबाब, वरच्या मजल्यावर हाजींची कबुतरं होती ना? साठ-सत्तर? मग एखादं तरी हाड सापडायला हवं."

मी "हं" म्हणायचे. माझं लक्ष हाडांकडे नसायचं. त्याच्या मनगटाकडे असायचं.

हाजी बदरान म्हणजे कारखान्याचे थोरले मालक. धाकटा भाऊ गेल्या वर्षी वारला, त्याचा अर्धा हिस्सा त्याच्या बायकोकडे आला. आग लागली त्या दिवसापासून हाजी गल्लीत येईल त्याच्या गळ्यात पडून रडत होते. कपाटांसाठी नाही, पलंगांसाठी नाही. कबुतरांसाठी. "माझी लेकरं जळाली रे," म्हणायचे, आणि बघणाऱ्याच्याही डोळ्यांत पाणी यायचं.

आणि मग ती आली. धाकट्या भावाची बायको. मायसा.

काळे कपडे काही बायकांना शोभतात, ही जगातली मोठी अडचण आहे. ती शेजारच्या इमारतीतून हातात झाकलेलं ताट घेऊन आली, राखेचा एक डागही अंगावर न पडू देता चालत. मी गमबुटात, कोपरापर्यंत काळी.

"इंजिनियरसाहेब," ती मऊ आवाजात म्हणाली, "राखेने घसा कोरडा पडत असेल. दोन घास खाऊन घ्या. बदक केलंय. कांदा भरून."

कांदा भरलेलं बदक! आमच्या गावात ते जावयाला वाढतात. हातेमने झाकण उचललं, डोळे मिटले आणि वास घेतला. असा वास त्याने पायरीचाही घेतला नव्हता.

"मायसाबाई," तो म्हणाला, "हा पुरावा मी जप्त करतो."

ती हसली. तीही छान हसत होती, मेली.

मला म्हणाली, "रबाब, तूही ये ना गं जेवायला."

"मला बदक सोसत नाही," मी म्हटलं. लहानपणापासून मी बदकावर वाढलेय, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवसापासून हातेम दुपारचा तिच्या घरी जेवायला लागला. "तिला विचारायचे प्रश्न आहेत," म्हणायचा. प्रश्न कसले, तर किल्ल्या कोणाकडे असत, वार्निशचे डबे कुठे ठेवत. यासाठी बाल्कनीत बसून तासभर हसायला लागतं होय? मी जळत होते. कारखाना एकदाच जळाला, मी रोज दुपारी जळत होते. त्यात माझ्या हातचा भातही करपतो. खाला म्हणते, तुला दिलं तर पाणीसुद्धा खाली लागेल.

माझ्या साहेबांचा कैरोहून फोन आला. "अहो, यात शोधायचंय काय? सहा महिन्यांपूर्वी विमा दुप्पट केला तो विधवेच्या सहीने. किल्ली तिच्याकडे. रॉकेल सापडलं. अहवाल लिहा आणि मोकळ्या व्हा."

मी मायसाला सहीबद्दल विचारलं होतं. तेव्हा ती खाली मान घालून म्हणाली, "नवरा गेल्याच्या चाळिसाव्याला हाजींनी कागद पुढे केला. मी वाचलासुद्धा नाही."

हातेमचा तिच्यावर विश्वास होता. म्हणून माझा नव्हता. अहवाल मी लिहिला. विमा तिचा, किल्ली तिची, संशय तिच्यावर. कागद पिशवीत टाकला. गुरुवारी तो अहवाल कैरोला गेला की तिला भरपाई नाही, वर तुरुंग, आणि दोन वर्षांची पोर हाजींच्या दारात. हे सगळं मला माहीत होतं. पण त्या वेळी डोळ्यांसमोर ते बदकच येत होतं.

खालाची गच्ची मायसाच्या बाल्कनीच्या बरोबर समोर आहे, मध्ये फक्त गल्ली. तीन दुपारी मी कपड्यांची बादली घेऊन वर गेले.

"पावसात कपडे वाळत घालणारी तू पहिलीच," खाला म्हणाली.

"पाऊस थांबेल."

"पाऊस थांबेल गं. तुझं काय?"

तिसऱ्या दुपारी पाऊस खरंच थांबला. मी ओल्या चादरीआडून पाहत होते. समोर हातेम खुर्चीत, मायसा त्याच्या पुढ्यात पेला ठेवतेय. तिने काहीतरी म्हटलं, तो हसला, तिने डोक्यावरच्या ओढणीने तोंड झाकलं. मी चादर पिळली. ती आधीच पिळलेली होती.

तेवढ्यात माझ्या डोक्यावरून काहीतरी फडफडत गेलं.

कबुतरं. एक, चार, मग सगळा थवाच. समुद्राकडून, रासेल-बरच्या दिशेने आली आणि जळालेल्या कारखान्याभोवती गोल गोल फिरायला लागली. खुराडं शोधत होती. खुराडं नव्हतं. फेऱ्या मारमारून दमली आणि उघड्या काळ्या भिंतीवर ओळीने बसली. प्रत्येकाच्या पायात हिरवा मणी. हाजींच्या कबुतरांचा हिरवा मणी गल्लीतलं शेंबडं पोरही ओळखतं.

मला सगळं एका क्षणात कळलं. भावाच्या घामाचा कारखाना हाजींच्या हातून जाळला गेला, पण कबुतरं जाळायला हात धजावला नव्हता. आधीच कुणाकडे तरी नेऊन ठेवली होती, पंख बांधून. पावसात दोऱ्या सैल झाल्या आणि ती घरी आली.

पिशवी खांद्याला होती. तिच्यात माझा अहवाल होता. हाजी संध्याकाळच्या नमाजाला या गल्लीतूनच जातात, येतील आणि कबुतरांना हुसकावून लावतील. मी काही करायचंच नव्हतं. नुसतं गप्प राहायचं होतं, चादरीआड, अर्धा तास. मायसा गेली असती. बदक गेलं असतं.

समोर तिची पोर दुडुदुडु चालत बाल्कनीत आली आणि हातेमच्या बुटाची नाडी ओढू लागली. मायसाने तिला उचलून घेतलं. मला ती बाई आवडत नव्हती. अजूनही फारशी आवडत नाही. पण तुरुंगात जावी इतकी नावडती नव्हती.

मी हातेमला फोन लावला. समोर त्याने खिशातून फोन काढला.

"वर बघा," मी म्हटलं. "जळालेल्या भिंतीवर."

त्याने पाहिलं. हातातला घास खाली ठेवला. "रबाब... माझी हाडं."

"हो. उडतायत तुमची हाडं."

त्याने फोन ठेवला आणि धावत सुटला. मी कुठून बोलतेय हे त्याने विचारलं नाही. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

सुटका कसली? घटकाभरात गल्लीत पोलीस अधिकारी आले, हाजी आले, बायका खिडक्यांत आल्या. हाजींनी वर पाहिलं आणि पांढरे पडले, पण क्षणभरच.

"माझी नाहीत ही," ते म्हणाले. "माझी जळाली. हा कंपनीचा डाव आहे साहेब, पैसे बुडवायचे म्हणून. या बाईनेच बाजारातून कबुतरं आणून सोडलीयत. विचारा तिला, तीन दिवस गल्ली बघतेय, हिवाळ्याच्या पावसात ती गच्चीवर काय करत होती."

अधिकाऱ्यांनी वही उघडली. "बाई, तुम्ही कबुतरं आधी पाहिलीत?"

"हो. समुद्राकडून येताना. खालाच्या गच्चीवरून."

"गच्चीवर काय करत होतात?"

"कपडे वाळत..."

"पावसात?"

वरच्या खिडकीतून खाला खोकली. हाजी हसले. "बघा. पहिल्याच प्रश्नाला खोटं. हिच्या शब्दावर तुम्ही मला धरणार?"

मायसा दारात उभी होती, पोरीला छातीशी घट्ट धरून, आणि माझ्याकडे बघत होती. माझा शब्द खोटा ठरला तर संशय फिरून तिच्याच दारात जाणार होता. हातेम तिच्यापासून हातभर अंतरावर. तेवढं अंतरसुद्धा मी मोजलं, अशी मी.

"लिहा," मी म्हटलं. "मी इंजिनियर हातेमवर नजर ठेवून होते."

"त्यांच्यावर संशय होता?"

"होता."

"कसला?"

"त्यांना बदक जरा जास्तच आवडतंय असा."

गल्लीत कोणीतरी फिसकन हसलं. अधिकारी म्हणाले, "सरळ सांगा बाई, सरकारी जबाब आहे."

"सरळच सांगते. मला मत्सर वाटत होता. तीन दिवस मी चादरीआडून त्या बाल्कनीकडे बघतेय. माझं त्या माणसावर मन बसलंय, आणि तो दुसरीकडे जेवतो. म्हणून मी गच्चीवर होते, म्हणून कबुतरं दिसली. आता यातलं काय लिहायचं ते लिहा."

कोणी हसलं नाही. मी गमबुटांकडे बघत राहिले. मला वाटलं, भुई दुभंगावी.

तेव्हाच भिंतीवरून एक म्हातारी पांढरी कबुतरी उतरली, गल्लीवरून एक फेरी मारली आणि हाजींच्या खांद्यावर येऊन बसली.

हाजी हलले नाहीत. तिने त्यांच्या कानाशी चोच घासली. तिच्या पंखात अजून दोरीचा तुकडा होता, आणि दोरीखाली कातडं सोललं होतं. हाजींनी ते पाहिलं. त्यांचा हात आपोआप वर गेला.

"इतकी आवळून बांधली तुला..." ते पुटपुटले. "सैल बांध म्हणून सांगितलं होतं मी त्याला."

अधिकाऱ्यांची लेखणी थांबली. "कोणाला, हाजी?"

हाजी खाली बसले. कबुतरीला दोन्ही हातांत धरून रडायला लागले, आणि या वेळचं रडणं खरं होतं. तिला छातीशी धरूनच ते पोलिसांच्या गाडीत चढले. ती सोडा, असं त्यांना कोणी म्हटलं नाही.

गाडी गेली. पुन्हा थेंब पडू लागले. अधिकारी वहीवर हात धरून म्हणाले, "इंजिनियरसाहेब, या बाईंच्या जबाबाला तुमचा दुजोरा लागेल. त्या तीन दिवस गच्चीवर होत्या?"

"होत्या," हातेम म्हणाला. "पहिल्या दिवशी निळी चादर, मग हिरवी, आज पांढरी. मला रोज दिसत होत्या."

मी मान वर केली.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?" अधिकाऱ्यांनी त्याला विचारलं.

"बोललो असतो तर त्या आल्या नसत्या, साहेब. मायसाबाईंना विचारा. त्यांच्याकडे आत शेगडी असते. एवढ्या गारठ्यात बाल्कनीत बसून जेवायचा हट्ट माझा."

"रोज सांगते, आत बसा, बदक गार होतंय," मायसा म्हणाली. "तर हे म्हणतात, इथून गच्ची दिसते. मग तुझ्याबद्दलच विचारत बसतात गं. कुणाशी ठरलंय का, चिडते केव्हा, बदक खरंच सोसत नाही का. मला हसू नाही येणार तर काय?"

"हे पण लिहू?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"लिहा," हातेम म्हणाला. "आणि माझ्या नावापुढे कंसात लिहा... संशय मान्य, आरोपी शरण."

सहीसाठी कागद पुढे आला. पावसात कागद टेकायला कोरडी जागा नव्हती. हातेम माझ्यापुढे पाठमोरा वाकला. त्याच्या शर्टाला राखेचा वास येत होता, धुराचा, आणि थोडासा... हो, कांद्याचा. पिशवीतला अहवाल मी आधी फाडला. मग त्याच्या पाठीवर जबाब ठेवून मी सही केली.

नाव जरा मोठ्या अक्षरांत लिहिलं. मायसाला दारातून दिसेल एवढं.