हायड्रोजन आला कुठून?

दक्षिण कोरियातल्या उल्सान शहराच्या मोटार प्रदर्शनात कंपनीतर्फे गाड्या दाखवणाऱ्या ह्येरिमनं हायड्रोजनवर चालणाऱ्या गाडीच्या मागच्या नळीखाली पेला धरला, टपटपणारं पाणी त्यात घेतलं आणि सगळ्यांसमोर घटाघटा पिऊन दाखवलं. "ना धूर, ना काजळी!" टाळ्या पडल्या.

"पाणी स्वच्छ आहे हो..." गर्दीतून पावसात भिजलेला एक तरुण म्हणाला, "पण आतला हायड्रोजन आला कुठून?"

ह्येरिमनं घाईनं पुढच्या गाडीकडे बोट दाखवलं. उत्तर तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

कार्यक्रम संपताच तिनं त्याला फाटकाशी गाठलं. "चारचौघांत माझी फजिती करून कुठे निघालात?"

"फिशकेक खायला... येताय?" तो कानापर्यंत लाल झाला. त्याचं नाव ग्योंगहून. गाडी घडवल्यापासून भंगारात जाईपर्यंत एकूण धूर किती, याचाच तो विद्यापीठात अभ्यास करायचा.

टपरीवर माशाच्या वड्यांच्या वाफाळत्या रश्श्यावर फुंकर घालत त्यानं सांगितलं, बराचसा हायड्रोजन अजून नैसर्गिक वायूपासूनच करतात. धूर निघतोच, फक्त रस्त्यावर नाही, कारखान्यात. गाडीची टाकी बनवतानाही निघतो.

"म्हणजे मी खोटं बोलते?"

"छे! अर्धंच बोलता. वाऱ्याच्या, उन्हाच्या विजेवर हायड्रोजन केला, तर गाडी खरंच पुष्कळ स्वच्छ."

"मग उद्या सगळंच सांगते."

"नोकरी जाईल..."

"घाबरलात?"

"तुमच्यासाठी — हो."

ह्येरिमनं मान खाली घातली. रस्सा एकदम जास्तच गरम वाटला.

दुसऱ्या दिवशी तिनं खरोखरच सगळं सांगितलं. लोक कान देऊन ऐकत राहिले. साहेबांनी मात्र तिच्या हातातून माईक काढून घेतला. "उद्यापासून येऊ नकोस!"

ती बाहेर आली, तर मागोमाग ग्योंगहूनही धावतच आला. "माझ्यामुळे झालं हे. मला माफ—"

"गप्प बसा हो! इतके दिवस पोपटासारखी बोलत होते. आज पहिल्यांदा माझं स्वतःचं बोलले. तुमचे उपकार आहेत माझ्यावर."

"मग... एक कबूल करू? मी प्रदर्शन बघायला येतच नव्हतो. रोज मागच्या रांगेत उभा राहून तुम्हालाच... बोलायला निमित्त सापडेना."

"आणि सापडलं ते काय, तर हायड्रोजन!"

ती डोळ्यांत पाणी येईतो हसली. मग त्याचा गारठलेला हात धरून तिनं आपल्या कोटाच्या खिशात घातला.

"चल," ती म्हणाली.

"कुठे... नेतेस?"

'तुम्ही' कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही.